राज्य राखले, घडी मोडली

रायगडाच्या पायथ्याशी झुल्फिकारखानाचे मोर्चे बसू लागले होते, छत्रपती संभाजी महाराजांचा वध होऊन जेमतेम एक पंधरवडा लोटला होता, आणि नुकतेच मंचकारोहण केलेले राजाराम महाराज अवघे एकोणीस वर्षांचे होते. अशा वेळी, सन १६८९ च्या मार्चअखेरीस, गडावर जी मसलत झाली तिच्यात निर्णायक शब्द येसूबाईंचा ठरला. राजकुटुंबातील सर्वांनी एकाच गडात कोंडून घ्यावे आणि गनिमाने एकाच पेचात सारे राज्य हस्तगत करावे हे राजनीतीस धरून नाही. महाराजांनी बाहेर पडून फौजा जमवाव्यात, मुलूख राखावा, आणि आपण शाहूंसह मागे राहून गड भांडवावा, असा त्या सल्ल्याचा आशय बखरकारांनी नोंदवून ठेवला आहे. शाहू तेव्हा सात वर्षांचेही पुरते नव्हते. ज्या गादीवर वारसाहक्काने त्या मुलाने बसावयाचे, तीवर दिराची स्थापना करण्यास त्याच्या मातेने आधीच संमती दिली होती. आता तो मुलगा आणि आपण स्वतः, दोघांनाही तिने राज्यासाठी गहाण ठेवले. एप्रिलच्या आरंभी राजाराम महाराज गडावरून निसटले आणि प्रतापगडाच्या वाटेने पन्हाळ्यास पोचले. येसूबाई गडावर राहिल्या.

स्वातंत्र्याचे मोल रणांगणावर पडलेल्या देहांच्या संख्येने मोजण्याची आपणांस सवय लागून गेली आहे, आणि त्या मोजमापानेही १६८९ ते १७०७ ही अठरा वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासात अतुलनीयच ठरतील. परंतु त्या काळातील सनदा, कौलनामे आणि पत्रे जो कोणी धीराने वाचील त्याला असे दिसून येईल की, रक्ताच्या बरोबरीने, आणि कदाचित रक्तापेक्षाही महाग असे, दुसरे एक द्रव्य त्या यज्ञात खर्ची पडत होते. शिवाजी महाराजांनी तीस-पस्तीस वर्षे खपून राज्याला जी एक घडी घालून दिली होती, ती घडीच राज्य राखण्यासाठी मोडावी लागली. ही मोड कशी झाली, कोणी केली, आणि करणाऱ्यांना तिचे दुःख होते की नव्हते, हे सांगणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

औरंगजेब दक्षिणेत आला तो सहज स्वारीसाठी आला नव्हता. १६८१ च्या सप्टेंबरात त्याने अजमेर सोडले, नोव्हेंबरात तो बऱ्हाणपुरास आला आणि पुढील साली औरंगाबादेस पोचला. त्या वेळी त्याचे वय त्रेसष्टीच्या पुढे गेले होते, आणि नर्मदेपलीकडचा मुलूख त्याला पुन्हा दिसावयाचा नव्हता. बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास गेला हे निमित्त झाले. आरंभीच नाशिकजवळच्या रामसेजने त्याच्या सरदारांना जो धडा दिला तो पुढील पंचवीस वर्षांचे भविष्य सांगणाराच होता. हा किल्ला मोठा नव्हे, दुर्गमही म्हणण्यासारखा नव्हे. तरी शहाबुद्दीनखान आणि खानजहान असे एकामागून एक नामांकित सेनापती त्याच्या पायथ्याशी थकले. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्ल्यातल्या लोकांनी झाडांची खोडे पोखरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या आणि त्या चालविल्या, अशी नोंद खाफीखानासारख्या मोगल पक्षाच्याच इतिहासकाराने करून ठेवली आहे. पाच वर्षांवर हा किल्ला झुंजला. त्या अवधीत १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा अशी दोन जुनी पातशाही घराणी बुडाली. सेनापती हंबीरराव मोहिते वाईजवळच्या लढाईत पडले. आणि १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी छत्रपतीच मुकर्रबखानाच्या हाती सापडले. ११ मार्च रोजी त्यांचा जो अंत झाला त्याचे वर्णन मी येथे करीत नाही. मराठी माणसाला ते ठाऊक आहे. इतकेच सांगावयाचे की, ज्या वधाने राज्य संपेल अशी बादशहाची अटकळ होती, त्या वधानेच राज्याचा खरा लढा सुरू झाला.

रायगड सात-आठ महिने लढला आणि नोव्हेंबरात पडला. वाईच्या देशमुखीच्या आशेने सूर्याजी पिसाळ फितूर झाला असा दोषारोप परंपरेने केला असून त्याचे नाव मराठी भाषेत फितुरीला पर्याय होऊन बसले आहे. ह्या आरोपाच्या खरेखोटेपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत, आणि त्या वादात मी शिरत नाही. परंतु आरोप करणाऱ्यांना फितुरीचे कारण म्हणून वतनच सुचावे, दुसरे काही सुचू नये, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. त्या काळी माणसे कशासाठी विकली जातात हे जनतेला पक्के ठाऊक होते. येसूबाई आणि शाहू बादशहाच्या छावणीत गेले. शाहूंना सातहजारी मनसब आणि राजा हा किताब मिळाला. मनसबदार म्हणून त्यांची प्रतिष्ठा होती, ओलीस म्हणून त्यांच्यावर पहारा होता. आणि बादशहाचा डेरा जेथे जेथे हलला तेथे तेथे ती माता आणि तो पुत्र त्याच्यामागून फिरत राहिले.

इकडे पन्हाळ्यासही वेढा पडण्याचा रंग दिसू लागला, तेव्हा सप्टेंबर १६८९ मध्ये राजाराम महाराजांनी कर्नाटकाची वाट धरली. शिवछत्रपतींनी १६७७ साली दक्षिणदिग्विजयात जिंजी घेतली तेव्हा इतक्या दूरचा हा किल्ला कशासाठी, असा प्रश्न कित्येकांस पडला असेल. त्याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले. लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात, मोजक्या विश्वासू मंडळींसह, मोगलांनी व्यापलेल्या मुलखातून हा प्रवास झाला. तुंगभद्रेच्या एका बेटावर सय्यद अब्दुल्लाखानाने मंडळींना गाठले. महाराज निसटले, बरोबरचे पुष्कळ लोक सापडले. बेदनूरच्या राणी चेन्नम्मा ह्यांनी आश्रय दिला, वाट दिली, आणि त्यापायी मोगली फौज आपल्या राज्यावर ओढवून घेतली. परक्या दौलतीच्या एका राणीने दाखविलेले हे धैर्य मराठ्यांनी कधी विसरता कामा नये. बंगळुरास मुक्काम असता महाराजांचे पाय दुसरा कोणी धूत आहे हे पाहून लोकांना संशय आला. तेव्हा महाराजांना पुढे काढून खंडो बल्लाळ आदी मंडळी यात्रेकरू म्हणून मागे राहिली, पकडली गेली, त्यांना मारहाण झाली, तोंडाला राखेचे तोबरे बांधले गेले, तरी त्यांनी आपली यात्रेकरूंची कहाणी सोडली नाही, असे बखर सांगते. ह्या खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी चिटणीस ह्यांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहान्त शासन झाले होते. पित्याचा घात ज्या घराण्याच्या हुकमाने झाला त्याच घराण्याच्या गादीसाठी पुत्राने तोबरे सोसावेत, ह्याला स्वामिनिष्ठा हा शब्द मला अपुरा वाटतो. त्या पिढीतील चांगल्या माणसांच्या मनात राज्य ही वस्तू राजापासून निराळी होऊन उभी राहिली होती, असेच म्हटले पाहिजे. नोव्हेंबरच्या आरंभी महाराज जिंजीत दाखल झाले.

महाराष्ट्रात मागे राहिले ते रामचंद्रपंत अमात्य, हुकूमतपन्हा ह्या पदवीने. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्र्यंबक. राजा शेकडो कोस दूर, राजधानी शत्रूच्या हाती, खजिना रिता, बहुतेक गड एकामागून एक गेलेले, आणि बादशहा स्वतः भीमेच्या काठी ठाण मांडून बसलेला, अशा स्थितीत ह्या माणसांनी गावोगावच्या देशमुख-पाटलांना पत्रे लिहून, परागंदा झालेल्या रयतेस कौल देऊन, शेदोनशे स्वारांचे एकेक पथक उभे करून राज्याचा धागा तुटू दिला नाही. बादशहाच्या छावणीचे वर्णन गेमेली करेरी ह्या इटालियन प्रवाशाने १६९५ साली गलगल्यास ती पाहून केले आहे: तीस मैलांचा घेर, त्यात अडीचशे बाजार, लाखो माणसे. ह्या चालत्या नगरीशी ज्यांनी झुंज द्यावयाची त्यांच्यापाशी पगार देण्याइतका पैसा नव्हता, आणि नेमकी येथेच घडी मोडण्यास सुरुवात झाली.

शिवछत्रपतींचे ह्या बाबतीतले धोरण कठोर होते. सैनिकाला रोख वेतन द्यावे, सरदाराला मुलूख तोडून देऊ नये, आणि जुन्या वतनदारांना त्यांच्या कोटबुरुजांत माजू देऊ नये, ह्या तीन गोष्टींवर त्यांनी आपले राज्य उभारले होते. कारण वतनदार हा नावाला चाकर असला तरी आपल्या गावात तो राजाच असतो, आणि ज्याचा जीव गावात अडकला तो राज्यासाठी गाव सोडणार नाही, हे त्यांनी तरुणपणीच अनुभवले होते. आता औरंगजेबाने नेमके हेच आमिष पुढे केले. जो मराठा देशमुख मोगलांस रुजू होईल त्याला मनसब मिळे, जहागीर मिळे, भाऊबंदांनी बळकावलेले वतनही परत मिळे. एका घरातला थोरला भाऊ मोगलांकडे आणि धाकटा स्वराज्याकडे, म्हणजे कोणाचीही सरशी झाली तरी वतन घरातच, असे देखावे ठिकठिकाणी दिसू लागले. अशा बाजारात ज्याच्यापाशी रोकड नाही त्याने काय द्यावे? राजाराम महाराजांपुढे आणि रामचंद्रपंतांपुढे एकच मार्ग उरला. जो मुलूख जिंकाल त्यातला वाटा तुमचा, वंशपरंपरेने तुमचा, अशा सनदा निघू लागल्या.

ह्या सनदांपैकी १६९१ च्या जून महिन्यातील एक सनद मला नेहमी थक्क करून सोडते. हणमंतराव घोरपडे आणि कृष्णाजी घोरपडे ह्यांना जिंजीहून दिलेले ते आश्वासन आहे. रायगडचा प्रांत घेतल्यावर अमुक, विजापूर घेतल्यावर अमुक, भागानगर घेतल्यावर अमुक, औरंगाबाद घेतल्यावर अमुक, आणि दिल्ली काबीज झाल्यावर सर्वांत मोठी रक्कम, असे बक्षिसाचे हप्ते त्यात बांधून दिले आहेत. हे लिहिणारा राजा तेव्हा स्वतः वेढ्यात आहे; त्याच्या पायाखालची जमीन सोडली तर त्याच्या निर्वेध सत्तेत फारच थोडे आहे; आणि तो दिल्लीचा हिशेब बांधून देत आहे. भ्रमिष्टाचा हा मनोराज्यविलास असता तर आपण तो सोडून दिला असता. पण पुढे अर्धशतकाच्या आतच मराठ्यांचे घोडे दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले, हे ध्यानात घेता त्या सनदेकडे आदरानेच पाहावे लागते.

आणि तरीही त्याच किल्ल्यात, त्याच काळात, दुसरे एक लेखन चालू होते. कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींची बखर १६९७ साली जिंजीतच लिहिली. थोरल्या महाराजांनी वतनदारांना कसे आवरले, त्यांचे वाडे-हुडे कसे पाडले, साधी घरे बांधून राहण्यास त्यांना कसे भाग पाडले, हे सभासद त्या बखरीत आपल्या सरळ, ओघवत्या मराठीत सांगत आहेत. आणि त्याच गडावर चिटणिशी दप्तरात वतनांच्या नव्या सनदांवर शिक्के उठत आहेत. आपण काय गमावीत आहोत हे त्या माणसांना कळत नव्हते असे कोणी म्हणू नये. ते पुरते कळत होते. म्हणूनच कदाचित त्यांनी ते लिहवून घेतले. बुडत्या घराने आपली कागदपत्रे उंच माळ्यावर ठेवावीत, तशी ती बखर मला वाटते.

जिंजीचा वेढा १६९० च्या सप्टेंबरात बसला आणि १६९८ च्या आरंभी उठला, तो किल्ला घेऊनच उठला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग असे तीन डोंगर एका अवाढव्य तटाने जोडून हा किल्ला बनला आहे, आणि त्यांतली राजगिरी तर सभोवारच्या मैदानावर सुमारे ८०० फूट उंच उभी आहे. इतका विस्तीर्ण घेर पुरता आवळणे झुल्फिकारखानास कधी साधले नाही. त्याच्या मदतीला वजीर असदखान आला, शहाजादा कामबक्ष आला. आणि कामबक्षाने गडावरच्या मराठ्यांशीच गुप्त संधान बांधले तेव्हा वजीर असदखान आणि त्याचा पुत्र झुल्फिकारखान ह्यांनी शहाजाद्यालाच कैद करण्याचा प्रसंग त्या छावणीवर आला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव ह्यांनी १६९२ च्या अखेरीस कर्नाटकात उतरून अलीमर्दानखान आणि इस्माईलखान मका ह्या दोन सरदारांना जिवंत धरले, आणि झुल्फिकारखानाला मोर्चे सोडून वांदिवाशकडे हटावे लागले. हे दोघे सेनानी एकमेकांहून फार निराळे होते. धनाजी माणसे राखणारा, गोड बोलणारा; संताजी शिस्तीचा कडक, आज्ञाभंगाला क्षमा न करणारा. संताजीचे पिते म्हाळोजी घोरपडे संगमेश्वरी छत्रपतींच्या बचावार्थ पडले होते. दोड्डेरीच्या गढीत १६९५ साली संताजीने कासिमखानासारख्या मातब्बर सरदाराला असा कोंडला की, आतल्या लोकांनी छपरांचे गवत उपसून जनावरांपुढे टाकले. कासिमखान आतच मेला, आणि उरलेल्यांनी वीस लाख रुपयांची खंडणी कबूल करून प्राण वाचविले. पुढे दोन महिन्यांत हिंमतखान बसवापट्टणजवळ पडला. संताजीशी गाठ पडली की मृत्यू, जखम किंवा कैद ह्यांवाचून चौथी गती नाही, अशा आशयाचे उद्गार खाफीखानाने काढले आहेत. शत्रूच्या लेखणीतून आलेली ह्याहून मोठी शिफारस कोणती असेल?

अखेरच्या दिवसांत जिंजीतून राजाराम महाराज कसे सुटले त्याची हकीकत वतनाच्या ह्या कहाणीशीच जोडलेली आहे. मोगलांच्या मोर्चांत गणोजी शिर्के होते. शिवछत्रपतींचे ते जावई आणि येसूबाईंचे सख्खे बंधू. त्यांच्या चौकीतून वाट मिळावी म्हणून खंडो बल्लाळ त्यांच्या भेटीस गेले. शिर्क्यांनी दाभोळकडील वतनाची गोष्ट काढली; ते वतन चिटणिसांचे होते आणि शिर्क्यांना ते हवे होते. खंडो बल्लाळांनी तेथल्या तेथे ते लिहून दिले, आणि छत्रपती वेढ्याबाहेर पडले. बखरीतील ही कथा अक्षरशः घडली असो वा तिच्यात परंपरेने रंग भरला असो, त्या युगाचे सगळे रहस्य तिच्यात आहे. एका मराठ्याला आपल्या राजाला वाट देण्यासाठीही वतन लागावे ही त्या काळाची लाज. आणि दुसऱ्याने ते क्षणाचाही विलंब न लावता टाकून द्यावे हा त्या काळाचा अभिमान. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही सांगितले पाहिजे.

ह्या लाजेचा सर्वांत दुःखद अध्याय संताजीचा आहे. धनाजीशी त्याचा बेबनाव विकोपास गेला. राजाराम महाराजांनी धनाजीची बाजू घेतली. सेनापतिपद गेले, फौज फुटली, आणि १६९७ च्या जूनमध्ये शंभुमहादेवाच्या डोंगरात, थोड्या माणसांनिशी भटकत असता, म्हसवडच्या नागोजी माने ह्याने त्याला गाठून मारले. संताजीने अमृतराव निंबाळकराला हत्तीच्या पायी दिले होते, आणि अमृतराव हा मान्याच्या पत्नीचा भाऊ. तो सूड असा उगवला. ज्या मस्तकाने सात वर्षे बादशहाची झोप उडविली ते मस्तक बादशहाकडे पोचते झाले, आणि ते नेणारे हात मराठ्याचे होते. राजाराम महाराजांविषयी मला मोठा आदर आहे. कोवळ्या वयात, हालअपेष्टांत, कोणाचाही मत्सर न करता त्यांनी माणसे एकत्र ठेवली. पण संताजीच्या बाबतीत त्यांचा न्याय चुकला, हे स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

१६९९ च्या ऑक्टोबरात औरंगजेबाने भीमाकाठची ब्रह्मपुरीची छावणी सोडली आणि ऐंशीच्या वयात स्वतः गड घेण्यास तो निघाला. साताऱ्याच्या वेढ्यात १३ एप्रिल १७०० रोजी उडविलेला सुरुंग उलटा कोसळून त्याचेच सुमारे दोन हजार लोक दगडांखाली गडप झाले. किल्ला आठवड्याने मिळाला. त्याचे नाव त्याने आजमतारा ठेवले. परंतु त्याआधीच, मार्चच्या आरंभी, राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते, आणि मोगल छावणीत आनंदाचे नगारे झडले होते. आता उरली एक पंचवीस वर्षांची विधवा आणि चार वर्षांचा तिचा मुलगा. मराठ्यांचा निकाल लागावयास कितीसा वेळ लागणार, असा तो आनंद होता. ती विधवा, ताराबाई, ही हंबीरराव मोहित्यांची कन्या आहे हे बादशहाच्या मुत्सद्द्यांनी विचारात घेतले नसावे.

ताराबाईंच्या सात वर्षांत युद्धाची रीतच बदलली. गड भांडवावा, पावसाळा येईपर्यंत शत्रूला पायथ्याच्या चिखलात रुतवावे, आणि मग पदरात रक्कम पाडून घेऊन, शिबंदी सुखरूप बाहेर काढून, गड त्याच्या हवाली करावा. त्याची पाठ फिरली आणि गडावरचे धान्य संपले की पुन्हा चढून जावे. विशाळगड परशुरामपंतांनी सहा महिने लढवून १७०२ च्या जूनमध्ये दोन लाख रुपये घेऊन सोडला, आणि तेथून पन्हाळ्यास परतताना भर पावसात, तुडुंब ओढ्यांतून, बादशाही लष्कराचे जे हाल झाले त्यांना लढाईतल्या पराभवाचीही सर येणार नाही. तोरणा तेवढा त्याने तलवारीच्या बळावर घेतला. बाकीचे बहुतेक गड पैशाने घेतले. इकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या, गुजरातेत धनाजी जाधवाने १७०६ साली रतनपुरास मोगलांचा मोड केला. आणि खाफीखान लिहितो की, मराठ्यांनी मोगलांच्या मुलखात स्वतःचे सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमून कायमचे बस्तान बसविले, बादशहाने मरेपर्यंत धडपड केली तरी ह्या बाईच्या राज्याचे बळ दिवसेंदिवस वाढतच गेले.

ह्या सगळ्या विजयाखाली भरडली जात होती ती रयत. एकाच खळ्यावर मोगलांचा अमीन वसुलाला येई आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथाईला. दोघांना दिल्यावर बियाण्यापुरतेही उरत नसे. निकोलाव मनुची ह्या समकालीन व्हेनिसवासीयाने दक्षिणेतील ह्या युद्धात दरसाल लाखभर माणसे मरत होती असा अंदाज दिला आहे, आणि १७०२ ते १७०४ ह्या वर्षांत अवर्षण व साथ मिळून वीस लाखांवर माणसे गेली असे तो लिहितो. शेतांत झाडझाडोरा उरला नाही, माणसांची आणि जनावरांची हाडे तेवढी उरली, अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. आकडा अंदाजाचा असेल. पण बेचिराख झालेल्या गावांच्या वसाहतीसाठी त्या काळी जे कौल दिले गेले ते आजही दप्तरांत आहेत, आणि ते वाचताना मनुचीवर अविश्वास ठेवण्याचे धैर्य होत नाही. ह्या रयतेला कोणी सनद दिली नाही. पाटलाचे वतन टिकले, देशमुखाचे टिकले. ज्या कुणब्याचा मुलगा संताजीच्या घोड्यामागे गेला आणि परत आला नाही, त्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही.

२० फेब्रुवारी १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब मेला. त्याची साधी कबर खुलदाबादेस आहे. दक्षिण जिंकावयास आलेल्या बादशहाला दक्षिणेतच माती मिळाली. मराठ्यांचे राज्य उरले. पण ते थोरल्या महाराजांचे राज्य राहिले नव्हते. ज्यांनी ते राखले त्या प्रत्येकाचा त्यात वाटा बांधला गेला होता, आणि वाटेकऱ्यांचे राज्य चालवावयाचे म्हणजे वाटाघाटींनीच चालवावे लागते. त्याच वर्षी बादशहाचा पुत्र आजमशहा ह्याने शाहूंना सोडून दिले, आणि खेडला काकी व पुतण्या ह्यांच्या फौजा समोरासमोर आल्या; तेव्हा कित्येक सरदारांनी बाजू निवडली ती आपले वतन कोणत्या बाजूस सुरक्षित राहील हे पाहूनच. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे, १७१५ च्या सुमारास, करवीर दरबारी आज्ञापत्र लिहिले. त्यात वतनदार म्हणजे राज्याचे लहान प्रमाणावरचे वाटेकरीच होत, त्यांचे वतन काढून घेणे अन्याय आणि त्यांना मोकळे सोडणे अनर्थ, असा इशारा त्यांनी दिला आहे. शेकडो सनदांवर ज्यांच्या संमतीने शिक्के उठले, त्याच वृद्ध मुत्सद्द्याचे हे लिखाण आहे. मला त्यात पश्चात्ताप दिसत नाही. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, आणि असे राज्य बुडू देण्यापेक्षा ते मोडक्या घडीने राखणे श्रेयस्कर होते, असाच माझाही निर्णय आहे. अमात्यांनी कर्ज काढले ते जाणून काढले, आणि पुढच्या पिढीला त्याचा दस्तऐवज लिहून दिला. ते फेडणे पुढच्यांच्या हाती होते, आणि त्यांनी ते फेडले नाही, हा दोष अमात्यांचा नव्हे.

शाहूंना सोडताना आजमशहाने येसूबाईंना सोडले नाही. पुत्राच्या वर्तनाचे ओलीस म्हणून त्यांना ठेवून घेतले, आणि पुढे दिल्लीस नेले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीस गेले होते. तेथून परतताना स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी ह्यांच्या सनदा त्यांनी आणल्या आणि येसूबाईंनाही सोडवून आणले. सातव्या वर्षी ज्याचा हात धरून त्या गडाखाली उतरल्या होत्या तो मुलगा आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता. मधली जवळजवळ तीस वर्षे त्यांनी सोसण्यात घालविली होती. त्या साताऱ्यास आल्या तेव्हा रायगड सिद्दीच्या ताब्यात होता. तो मराठ्यांकडे परत आला १७३३ साली.